जुन्या साउंड मिक्सरला नवा ‘पंद्रह-जीरो-पंद्रह’

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या भजनी मंडळाच्या मिक्सरचा सप्लायचा डबा गेला, तर जो तो म्हणाला नवीन घ्या. मिक्सर धडधाकट आहे, तो कशाला टाकायचा? त्याला अधिक १५ आणि उणे १५ असे दोन डीसी व्होल्टेज लागतात. तसा तयार अडॅप्टर सहसा मिळत नाही, बांधावा लागतो. २३० व्होल्टच्या बाजूला हात घालायची सवय नसेल तर मात्र जाणत्याला शेजारी बसवा.

आधी डब्यावरचं लेबल बघा. व्होल्टच्या आकड्यापुढे नागमोडी रेघ असेल तर बाहेर एसी येतंय, म्हणजे रेग्युलेटर (व्होल्टेज १५ वर स्थिर ठेवणाऱ्या चिपा) मिक्सरच्या पोटात आहेत आणि फक्त ट्रान्सफॉर्मर बदलायचाय. लेबल पुसलंय? प्लग काढून डबा उघडा, रेग्युलेटरचे नंबर वाचा: ७८१५ म्हणजे अधिक, ७९१५ म्हणजे उणे. सॉकेटची कुठली पिन कशाची, ते कागदावर काढून ठेवा. मिक्सरच्या दोन्ही लाइन कॉमनशी, म्हणजे दोन्हींच्या सामाईक शून्य तारेशी, शॉर्ट नाहीत ना, तेही मीटरवर बघा. असतील तर नवा सप्लायही उडेल.

आता महारानी रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार. ‘भिया, पंद्रह-जीरो-पंद्रह, एक एम्पियर’ एवढं म्हटलं की मधल्या शून्य तारेच्या दोन्ही बाजूंना १५-१५ व्होल्ट एसी देणारा ट्रान्सफॉर्मर समोर येतो. नसला तर बारा-जीरो-बारा ‘चल जाएगा’ म्हणून पुढे करतील. चालत नाही. १५ व्होल्ट एसी रेक्टिफाय झाल्यावर, म्हणजे त्याचं डीसी झाल्यावर, साधारण २० होतात. ७८१५ ला निदान १७ च्या वर हवेतच. बाराचे जेमतेम १६ होतात आणि अभंगाच्या मागे १०० हर्ट्झचं हमिंग सुरू होतं. सोबत ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड), २२०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचे दोन कॅपॅसिटर, आउटपुटला ४७ मायक्रोफॅरडचे दोन, ४००७ नंबरचे दोन डायोड, हीटसिंक, अभ्रकाचे वॉशर आणि प्रायमरीसाठी, म्हणजे २३० व्होल्टच्या बाजूसाठी, पाव अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज. मिक्सर अर्ध्या अँपिअरच्या आत ओढत असेल तर एवढं पुरतं.

खरी गोम ७९१५ मध्ये आहे. ७८१५ चे पाय इनपुट, ग्राउंड, आउटपुट या क्रमाने. ७९१५ चे ग्राउंड, इनपुट, आउटपुट. शिवाय त्याची धातूची पाठ इनपुटशी जोडलेली असते, ग्राउंडशी नाही. अभ्रक न लावता दोघांना एकाच हीटसिंकवर कसलंत की उणे लाइन शॉर्ट. उणे बाजूच्या कॅपॅसिटरचं अधिक टोक कॉमनला जातं, हेही घाईत विसरू नका. दोन्ही आउटपुटला कॉमनशी एकेक ४००७ उलटा, म्हणजे एरवी करंट वाहू न देणाऱ्या दिशेने, लावा.

दोन १५ व्होल्टचे एसएमपीएस अडॅप्टर जोडूनही काम होतं: एकाचं अधिक दुसऱ्याच्या उण्याला, तो जोड म्हणजे कॉमन. पण दोघांची आउटपुट अर्थिंगपासून सुटी असायला हवीत. माइकच्या कामाला मी तरी ते वापरत नाही. आवाजात बारीक किणकिण येते.

पहिल्यांदा चालू करताना २३० व्होल्टच्या बाजूला ६० वॉटचा जुना तारेचा बल्ब (एलईडी नव्हे) सिरीजमध्ये लावा. क्षणभर चमकून मंदावला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर लगेच बंद. मग बल्ब काढून दोन्ही आउटपुटला ४७ ओहम १० वॉटचे रेझिस्टर लावा आणि अर्धा तास चालू ठेवा. ते रेझिस्टर कडक तापतात, त्यांना बोट लावू नका. व्होल्टेज दोन्हीकडे १५ च्या आसपास राहिलं, तर मिक्सरचा प्लग लावा, सगळे फेडर खाली करून.