कांद्यातील तण: पहिले दोन महिने असे सांभाळा

कांद्याची पात नळीसारखी, उभी. तिची जमिनीवर सावलीच पडत नाही, त्यामुळे घोळ, माठ, केना यांना ऊन मोकळं मिळतं. कांद्याची मुळं उथळ असतात, आणि खत-पाणीही त्याच वरच्या थरात पडतं. सुरुवातीला रोप हळू वाढतं, तोवर तण ते उचलून नेतं. शिवाय 15 × 10 सेंमीवरच्या लागवडीत कोळपं (ओळींमधलं तण काढायचं अवजार) चालत नाही. म्हणून पुनर्लागवडीनंतरचे 60 दिवस रान स्वच्छ हवंच. त्या काळातलं नुकसान पुढे कितीही युरिया टाकला तरी भरून येत नाही.

कामाची सुरुवात लागवडीआधी होते. हरळी आणि लव्हाळा असलेल्या रानात थेट रोटाव्हेटर घालू नका. हरळीचे तुकडे होतात आणि डोळा असलेला प्रत्येक तुकडा फुटतो. उन्हाळ्यात खोल नांगरट करा, काश्या (हरळीची जमिनीतली खोडं) वेचून बांधाबाहेर जाळा. शेणखत पूर्ण कुजलेलंच टाका, कच्च्या खतातून तणाचं बी शेतात येतं. वेळ असेल तर वाफे बांधून एक पाणी द्या, उगवलेलं तण वरच्यावर खुरपून काढा आणि मगच लागवड करा. यात माती खोल हलवायची नाही, नाहीतर खालचं बी वर येतं.

लागवडीच्या वेळी, तण उगवण्याआधी, एक तणनाशक फवारायचं: ऑक्सिफ्लोरफेन 23.5 टक्के ईसी (पाण्यात मिसळायचं द्रवरूप औषध) लिटरला 1.5 मिली किंवा पेंडीमेथॅलिन 30 टक्के ईसी लिटरला 3.5 मिली फवारा. दोन्ही एकत्र नको. एकरी 200 लिटर पाणी धरा, नोझल पंख्यासारखा फवारा देणारं घ्या, मागे सरकत फवारा. जमीन ओलसर हवी. कोरड्या ढेकळांवर औषधाचा सलग थर बसत नाही आणि फटीफटीतून तण येतं. ऑक्सिफ्लोरफेनने पातीवर पांढरे ठिपके आले तर घाबरू नका, नवी पात स्वच्छ येते.

एवढं करूनही 40 ते 45 दिवसांनी एक खुरपणी लागतेच. ती नत्राच्या शेवटच्या हप्त्याआधी, वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिकटत नसताना करा. तणनाशक वापरलं नसेल तर पहिली खुरपणी 25 ते 30 दिवसांनीच उरका. खुरपं वरवर चालवा. उशीर झाला की मोठ्या तणाबरोबर कांदाही उपटून येतो. कांदा पोसायला लागल्यावर रान खणू नका, उरलेलं मोठं तण बी धरण्याआधी विळ्याने कापा.

मधेच गवतवर्गीय तण माजलं तर ते 2 ते 4 पानांवर असताना क्विझालोफॉप इथाइल 5 टक्के ईसी लिटरला 2 मिली चालतं. मात्र रुंद पानांचं तण आणि लव्हाळा त्याने मरत नाही. लव्हाळा दिसायला गवतासारखा असल्याने इथे हमखास पैसे वाया जातात. तो गाठीसकट खणूनच काढावा लागतो.