पीए रोटेशनची तयारी: आधी टायटर, मग पुस्तकं

अमेरिकेत पीएच्या, म्हणजे फिजिशियन असिस्टंटच्या कोर्सचं वर्गातलं वर्ष संपत आलं की सगळे पॉकेट गाइड आणि नव्या स्टेथोस्कोपच्या मागे लागतात. रोटेशन, म्हणजे एकेका विभागात पेशंट बघत शिकण्याचा टप्पा, मात्र अडतं लसींच्या कागदांवर. त्यामुळे जमलं तर सहा-सात महिने आधीच रक्त देऊन या. हिपॅटायटिस बी, गोवर, गालगुंड, रुबेला आणि कांजिण्या यांचे टायटर, म्हणजे रक्तात त्या आजाराविरुद्धच्या अँटिबॉडी किती आहेत याचे आकडे, लागतात.

हिपॅटायटिस बीचा आकडा १० च्या खाली आला तर घाबरू नका. लहानपणी तिन्ही डोस झालेले असले तरी वर्षांमागून वर्षं गेल्यावर अँटिबॉडी उतरतात. एक जादा डोस घ्यायचा आणि एक ते दोन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. तरीही आकडा वर आला नाही, तर तो जादा डोस पहिला धरून दुसऱ्या मालिकेचे उरलेले डोस घ्यावे लागतात. त्यात साधारण सहा महिने जातात, म्हणून एवढी घाई.

भारतात बीसीजी घेतलेल्यांनी टीबीसाठी रक्ताची आयजीआरए तपासणी मागावी. हातावरची स्किन टेस्ट बीसीजीमुळे खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि मग एक्स-रे, खुलासे, ईमेल यांची रांग लागते. एमएमआरचा (गोवर, गालगुंड, रुबेलाच्या लसीचा) डोस बाकी असेल तर टीबीची तपासणी त्याच दिवशी किंवा आधी उरका. लस आधी टोचली तर तपासणीसाठी निदान चार आठवडे थांबावं लागतं.

एन-९५ मास्क चेहऱ्यावर घट्ट बसतो का हे बघणाऱ्या फिट टेस्टला गुळगुळीत दाढी करून जा, कारण खुंट असतील तर चाचणी घेतच नाहीत. बीएलएस आणि एसीएलएस (जीव वाचवण्याच्या प्राथमिक आणि प्रगत प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं), पार्श्वभूमीची तपासणी, ड्रग टेस्ट हे सगळं एकाच फोल्डरमध्ये पीडीएफ करून ठेवा. प्रत्येक हॉस्पिटल तेच कागद नव्याने मागतं. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

आता खरा अभ्यास: पेशंट प्रेझेंट करणं, म्हणजे त्याची केस वरिष्ठांना सांगणं. तीन-चार मिनिटांत, कागदात फार न बघता, तोंडी. पहिल्या वाक्यातच वय, महत्त्वाचे जुने आजार, तक्रार आणि ती कधीपासून हे आलं पाहिजे: ‘५८ वर्षांचे गृहस्थ, डायबेटिस आणि बीपी आहे, दोन तासांपासून छातीत दुखतंय.’ बहुतेकांची गाडी पुढे घसरते. पेशंटने जसं सांगितलं त्याच क्रमाने सांगत सुटतात, आणि निदानाची वेळ आली की गप्प. प्रीसेप्टरला, म्हणजे रोटेशनवर शिकवणाऱ्या वरिष्ठाला, नेमकं तेच ऐकायचं असतं. एक निदान ठामपणे सांगा, आणखी दोन शक्यता सांगा, आणि त्या मागे का टाकल्या तेही सांगा. चुकलात तरी चालतं. वर्गात शिकलेल्या केसेस घेऊन रोज एक, फोनवर रेकॉर्ड करून ऐका, ‘अं... म्हणजे...’ किती वेळा येतं ते लगेच कळतं.

सर्जरीसाठी दोन हातांची गाठ खुर्चीच्या पायाला दोरा बांधून इतकी घोटा की न बघता पडेल. ओटीत शिरल्यावर आधी नर्सला नाव सांगा, आणि आपल्या मापाचा गाउन व ग्लोव्हज स्वतः कपाटातून काढून तिला द्या. स्क्रब झाल्यावर, म्हणजे हात निर्जंतुक धुऊन गाउन-ग्लोव्हज चढवल्यावर, हात छाती आणि कंबर यांच्या मधेच ठेवायचे. गाउनची पाठ स्टराइल (निर्जंतुक) नसते. नकळत कुठे हात लागला तर तिथल्या तिथे बोला, लपवू नका. सकाळी पोटभर खा आणि गुडघे ताठ करून उभे राहू नका. भोवळ येतेय असं वाटलं तर टेबलापासून मागे सरून सरळ खाली बसा, कारण स्टराइल फील्डवर कोसळणं त्याहून वाईट.

सातही मुख्य रोटेशनच्या शेवटी बहुतेक कॉलेजांत पीएईएची (पीए कोर्सेसच्या संघटनेची) १२० प्रश्नांची, दोन तासांची परीक्षा असते. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. तिची विषयांची यादी पीएईएच्या साइटवर फुकट मिळते. रोटेशनच्या पहिल्याच दिवशी ती छापून घ्या आणि त्या आजाराचा पेशंट दिसला की त्याच रात्री तेवढंच वाचून खूण करा. शेवटच्या आठवड्यात फक्त न दिसलेले आजार उरतात.