वक्र आरसा आणि प्रतिमा: या चुका टाळा

इंदूरच्या रामबागेत माझ्याकडे शिकवणीला येणारी मुलं घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि गल्लीत हिंदी बोलतात. त्यामुळे एकाच खोलगट आरशाला तीन नावं: अंतर्वक्र, कॉन्केव्ह, अवतल. त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते आरशात डोकावण्याआधीच सूत्रात आकडे टाकल्याने.

मागे दहावीतल्या एकाने मेणबत्ती आरशापासून १५ सेंटिमीटरवर ठेवली. आरशाचं नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून नाभीपर्यंतचं (लांबून आलेले किरण एकवटतात त्या बिंदूपर्यंतचं) अंतर, २० सेंटिमीटर. पांढरा पुठ्ठा अर्धा तास पुढे-मागे सरकवला, प्रतिमा काही सापडेना. मग गणित मांडलं, उत्तर आलं अधिक ६०, म्हणजे आरशाच्या मागे. पठ्ठ्या मोजपट्टी घेऊन उठला आणि आरशाच्या मागे ६० सेंटिमीटरवर पुठ्ठा धरून उभा राहिला! मी मुद्दाम गप्प बसलो. पाचेक मिनिटांनी त्यानेच विचारलं, "सर, आरशाच्या पाठीतून उजेड येणार कुठून?" एवढंच आधी विचारलं असतंस तर मेणबत्ती वाचली असती, बाबा.

वस्तू नाभी आणि आरसा यांच्यामध्ये आली की परावर्तित किरण पांगतात, पुढे कुठेच भेटत नाहीत. डोळा मात्र ते मागे एका जागी भेटल्यासारखे धरतो. त्या जागी उजेडाचा कण नसतो, मग पुठ्ठ्यावर पडणार काय? आरशात डोकावला असता तर सुलटी, चौपट मोठी ज्योत लगेच दिसली असती. दाढीचा आरसा याच हिशोबाने चालतो. माझी सवय सांगतो: आधी डोकवायचं. सुलटं दिसलं की पुठ्ठा कपाटात.

अशा पुठ्ठ्यावर न पडणाऱ्या प्रतिमेला आभासी म्हणतात. यावरून कोणी 'आभासी म्हणजे खोटी' असं लिहिलं की मी लाल रेघ मारतो. इतवारिया बाजारातल्या काच मंदिरात मूर्तींच्या रांगाच्या रांगा दिसतात, त्या सगळ्या आभासीच. दिसत नाहीत का? फोटोतही येतात.

याच्या उलटी चूक तर मास्तर लोकही करतात: वास्तव प्रतिमेला, म्हणजे किरण खरोखर भेटून बनणाऱ्या प्रतिमेला, पडदा लागतोच म्हणे. तीच मेणबत्ती आता ३० सेंटिमीटरवर, मधल्या रेषेच्या जरा खाली ठेवा. पुढे ६० सेंटिमीटरवर पुठ्ठ्यावर उलटी, दुप्पट ज्योत पडेल. आता पुठ्ठा काढा, त्याच रेषेत मागे सरका आणि आरशाकडे बघा. ज्योत हवेत लटकलेली दिसते. किरण तिथे खरोखर भेटून पुढे तुमच्या डोळ्याकडे येत असतात, पुठ्ठा नसला म्हणून ते थांबत नाहीत. पण घाई करणारे नेमके इथेच नाक पुढे खुपसतात. डोळा प्रतिमेच्या मागे निदान २५ सेंटिमीटर हवा, म्हणजे आरशापासून ८५ तरी. त्याहून जवळ गेलात तर सगळं धुरकट.

जागेची खात्री करायची तर ६० वर एक टाचणी उभी करा आणि मान डावी-उजवीकडे हलवा. टाचणी आणि प्रतिमा जोडीने सरकल्या तर जागा बरोबर. फारकत झाली तर जी मानेबरोबर सरकते ती लांब आहे. पोहे खाताना चमच्याच्या खोलगट बाजूत उलटा चेहरा दिसतो, तोही चमच्याच्या आत नसतो, अलीकडे हवेत असतो.

नाभीय अंतर खोलीतल्या ट्यूबलाइटवर काढू नका. ट्यूबलाइट अडीच मीटरवर असली तर २० च्या आरशाचं २१.७ येतं, आणि मग पुढचं सगळं रडतं. मी मुलांना गच्चीवर नेतो, समोरच्या घराची पाण्याची टाकी कागदावर घ्यायला लावतो. जिने चढायचा आळस असेल तर प्रयोग करू नका.

अर्धा आरसा झाकला की अर्धी प्रतिमा? नाही. पूर्णच, फक्त मंद.

बाइकच्या बहिर्वक्र, म्हणजे बाहेर फुगीर, आरशातली प्रतिमा पुठ्ठ्यावर घ्यायचा प्रयत्न सोडा. समोर काहीही ठेवा, ती सुलटी, लहान आणि आभासीच राहणार.

अधिक-उणे चिन्हं गणित मांडतानाच घाला. शेवटी उत्तर बघून उणे चिकटवणाऱ्यांना मी अर्धा गुणही देत नाही.

आणि नाभी शोधायला आरसा सूर्याकडे धरून कागदामागे डोळा नेऊ नका. कागद पेटतो.