कॉर्डलेस मशीन घेताना आधी बॅटरीचा हिशेब

फर्निचरच्या कामात नव्याने उतरलेली पोरं मला हमखास विचारतात, "दादा, कुठल्या कंपनीचं ड्रिल घेऊ?" मी उलट विचारतो, "पुढच्या दोन वर्षांत आणखी काय काय घेणार आहेस?" पहिलं ड्रिल ज्या कंपनीचं घ्याल, तिच्याच बॅटऱ्यांशी तुमची सोयरीक जुळते. पुढे इम्पॅक्ट ड्रायव्हर, सर्क्युलर सॉ (गोल पात्याची करवत), ट्रिमर (सनमायकाच्या कडा छाटणारं) जे काही लागेल ते त्याच बॅटरीवर चालणारं घेतलं, तर नुसतं मशीन घेऊन भागतं. नाहीतर दर मशीनला वेगळी बॅटरी आणि वेगळा चार्जर, आणि साईटवर एकच प्लग पॉइंट.

मी पुण्यात किचन आणि वॉर्डरोबची कामं करतो, बहुतेक वाकड-हिंजवडीकडच्या नव्या सोसायट्यांत. तिथे ताबा मिळालेल्या फ्लॅटमध्ये कधी मीटर नसतं, कधी असतं पण वायर ओढायची परवानगी नसते. तिथे कॉर्डलेसशिवाय काम पुढे सरकत नाही. तरीही सगळंच कॉर्डलेस घ्या असं मी सांगणार नाही. का, ते आधी बघू.

१८ की २० की २१ व्होल्ट?

दुकानात यावर फार गोंधळ उडतो. लिथियम-आयन सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट असतो आणि पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ पर्यंत जातो. पाच सेल एकापुढे एक जोडले की सरासरी १८ व्होल्ट आणि भरल्यावर २१. म्हणजे १८, '२० मॅक्स' आणि २१ व्होल्ट ही तिन्ही लेबलं पाच सेलच्याच बॅटरीची. '१२ व्होल्ट' म्हणून मिळतात त्यांत तीन सेल असतात, खरा आकडा १०.८. त्यामुळे २१ वाचून १८ पेक्षा ताकदवान समजू नका. आणि स्वस्त मशीनवर ४८, ८८, १२८ असे आकडे छापलेले दिसले तर बॅटरीचा आकार बघा. मुठीएवढ्या डब्यात पाच-दहा सेलच मावतात, त्यातून ८८ व्होल्ट येऊच शकत नाहीत.

खरा हिशेब वॅट-तासांचा. व्होल्ट गुणिले एएच (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची साठवण). १८ व्होल्टची २ एएच बॅटरी म्हणजे ३६ वॅट-तास, ५ एएचची म्हणजे ९०. आता सर्क्युलर सॉ घ्या. १८ एमएमचा प्लाय जोर लावून कापताना सॉने ८०० वॅट ओढले असं धरू. ९० वॅट-तासांची बॅटरी मग पावणेसात मिनिटं पुरते. आठ फुटी कटला अर्धं मिनिट धरलं, तर एका बॅटरीत डझनभर कट. दोन-चार शीट साईटवर कापायच्या असतील तर उत्तम. अख्ख्या वॉर्डरोबचा माल फाडायचा असेल तर वर्कशॉपमधलं वायरवालं टेबल सॉच बरं, आणि माझ्याकडे ते काम आजही तिथेच होतं.

याच हिशेबातून दुसरी गोष्ट कळते आणि ती दुकानदार सहसा सांगत नाहीत. १८ व्होल्टवर ८०० वॅट म्हणजे साधारण ४४ अँपिअर. २ एएचच्या बॅटरीत पाच सेलची एकच रांग असते, त्यामुळे ते सगळे ४४ अँपिअर प्रत्येक सेलमधून जायला हवेत. तेवढं त्या सेलला झेपत नाही. दाब कोसळतो, सॉ कटच्या मध्येच गुदमरतो, बॅटरी तापते. ५ एएचच्या बॅटरीत बहुधा दहा सेल दोन रांगांत असतात, मग प्रत्येकाच्या वाट्याला २२ येतात. म्हणून मोठी बॅटरी जास्त वेळ चालते तशी जोरही जास्त देते. सॉ, ग्राइंडर, रंदा यांना ४ किंवा ५ एएच लावा. ड्रिल आणि ड्रायव्हरला २ एएच पुरते आणि हातही दुखत नाही. हल्ली २१ एमएम जाडीचे, ७० एमएम लांबीचे नवे सेल येतात, त्यांच्या पाच सेलच्या एका रांगेतही ४ एएच मिळतात. ती हलकी बॅटरी मला सर्वांत सोयीची वाटते.

पहिली खरेदी: ड्रिल आणि ड्रायव्हर

कॉम्बो किटमध्ये बहुतेक ड्रिल, इम्पॅक्ट ड्रायव्हर, दोन छोट्या बॅटऱ्या आणि चार्जर येतो. सुतारकामाला हीच सुरुवात योग्य. पण दोन्हींची कामं वेगळी आहेत, हे हाताखालच्या कारागिरालाही समजावून सांगा.

इम्पॅक्ट ड्रायव्हर स्क्रूवर जोर आला की आतून ठोके मारतो. ५०×८ चा (५० एमएम लांब, ८ नंबर जाडीचा) स्क्रू प्लायमध्ये तो लोण्यासारखा घालतो, मनगटाला झटका बसत नाही. पण त्याला क्लच नसतो, म्हणजे ठरवलेला जोर आला की बिट फिरवणं सोडून देणारी सोय. शटरच्या बिजागरीचं घ्या. ३५ एमएमचं कपाचं भोक मारलं, बिजागरी बसवली, आता १६ एमएमचे दोन स्क्रू. खाली एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड असेल तर इम्पॅक्टचा एक ठोका जास्त पडला की आटे जातात, स्क्रू जागच्या जागी फिरायला लागतो आणि सहा महिन्यांनी ग्राहकाचं शटर लोंबकळतं. तिथे ड्रिल घ्यायचं, त्याची क्लचची रिंग लहान आकड्यावर ठेवायची, आधी एका तुकड्यावर स्क्रू मारून बघायचा. डोकं बोर्डाला टेकलं आणि क्लच कटकट वाजला की बरोबर. नाही टेकलं तर एक आकडा वाढवायचा. एवढं केलं की दिवसभर सगळे स्क्रू एकसारखे बसतात.

डब्यावर टॉर्कचा जो मोठा आकडा असतो तो बहुधा 'हार्ड' टॉर्क असतो, म्हणजे लोखंडासारख्या कडक जोडावरचा. लाकडात स्क्रू घालताना जो उपयोगी, तो 'सॉफ्ट' टॉर्कचा आकडा आतल्या कागदावर असतो. दोन ड्रिलांची तुलना करायची तर तो बघा.

सिंकखालच्या कपाटात डोकं घालून काम करणाऱ्याला १२ व्होल्टचं ड्रिल मी मनापासून सुचवेन. छोटं असतं, हलकं असतं, ट्रॉलीच्या चॅनलचे स्क्रू मारायला पुरेसं. फक्त त्याची बॅटरी १८ च्या मशीनला बसत नाही, हे धरून चाला.

भिंतीचं वेगळं. पुण्या-मुंबईच्या नव्या टॉवरमध्ये मायव्हान पद्धतीच्या भिंती असतात, म्हणजे सगळं काँक्रीट. तिथे साधं हॅमर ड्रिल नुसतं किंचाळतं आणि बिट जळतो. वॉल युनिट टांगायला एसडीएस-प्लस बिटवालं रोटरी हॅमर लागतं. १८ व्होल्टचं छोटं मिळतं, ६ ते ८ एमएमच्या गिट्टीच्या (स्क्रू धरण्यासाठी भिंतीत घालायच्या प्लगच्या) भोकांना छान. उलट एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांच्या) भिंतीत ठोका बंद ठेवून नुसतं फिरवून भोक मारा, नाहीतर भोक सैल होतं आणि गिट्टी धरत नाही.

ब्रशलेस, म्हणजे कार्बन ब्रश नसलेल्या मोटरचं मशीन घ्यावं का? ड्रिल, ड्रायव्हर आणि सॉ यांना हो. कार्बन घासत नाही, मोटर कमी तापते, तेवढ्याच बॅटरीत काम जास्त होतं. एक बाजू मात्र लक्षात ठेवा. साध्या मोटरचे कार्बन कुणीही पाच मिनिटांत बदलतो, ब्रशलेसचा सर्किट बोर्ड गेला तर खर्च मोठा. म्हणून घेण्याआधी आपल्या गावात त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे का ते बघा. जीएसटीचं बिल घ्या आणि वॉरंटीची नोंदणी त्याच दिवशी करा.

बोटांबद्दल

आपल्याकडे चार इंची मार्बल कटरला लाकडाचं पातं लावून प्लाय कापायची सवय सगळीकडे आहे. ते यंत्र दगडासाठी बनलंय. मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे, खालून बंद होणारं झाकण नाही, बटण सोडलं तरी पातं फिरतच राहतं. त्यापायी बोटं गमावलेली माणसं मी ओळखतो, आणि हे मला सहन होत नाही. कॉर्डलेस सर्क्युलर सॉला स्प्रिंगचं खालचं गार्ड असतं आणि चांगल्या मशीनला ब्रेकही असतो, बटण सोडलं की पातं थांबतं. १६५ एमएम पात्याचा सॉ सुतारकामाला बरोबर. मशीनसोबत २४ दातांचं पातं येतं, ते चौकटीच्या लाकडाला ठीक. सनमायका लावलेल्या प्लायला ४० च्या वर दातांचं घ्या, कड तुटत नाही. ड्रिल-ड्रायव्हरनंतर पहिल्या कमाईतून काही घ्यायचं असेल तर हा सॉ घ्या.

रंदा आणि ट्रिमर नंतर घेतले तरी चालतात. आठवडाभर सनमायका ट्रिम करायचा असेल तर वायरवालाच ट्रिमर स्वस्तात मस्त.

बॅटरी खरी की खोटी

एकाच कंपनीची बॅटरीही एकमेकांत चालते असं समजू नका. बॉशच्या हिरव्या घरगुती मशीनची बॅटरी निळ्या प्रोफेशनलला बसत नाही. मकिताच्या १८ व्होल्ट एलएक्सटीची, जी-सिरीजची आणि ४० व्होल्टची अशी तीन वेगळी घराणी आहेत. दुकानात बॅटरी प्रत्यक्ष सरकवून बघा.

'सेम टू सेम' म्हणून अर्ध्या किमतीत मिळणाऱ्या बॅटऱ्यांवर ५ किंवा ६ एएच लिहिलेलं असतं. तपासायचं सोपं साधन म्हणजे किराणा दुकानातला डिजिटल काटा. १८ एमएम जाडीचा एक सेल साधारण ४५ ग्रॅमचा. दहा सेलचे साडेचारशे, वर डबा आणि सर्किट, म्हणजे खरी ५ एएच ६०० ग्रॅमच्या पुढे भरते. चारशेच्या आत भरली तर आत दहा सेल नाहीत. लेबलवर आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि आर अक्षराचा नोंदणी नंबर आहे का तेही बघा. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या मशीनला लावायचे अडॅप्टर मिळतात, मी ते वापरू देत नाही. काही कंपन्यांत बॅटरी उतरल्यावर बंद करणारी व्यवस्था मशीनमध्ये असते, बॅटरीत नाही. अडॅप्टर लावला की ती व्यवस्था जाते आणि सेल मरेपर्यंत पिळले जातात.

सांभाळायचं कसं

लिथियमची बॅटरी साधारण ० ते ४५ अंशांतच चार्ज करायची असते. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ४५ कधीच ओलांडलेलं असतं, तिथे चार्जर घरात न्या. काम करून तापलेली बॅटरी लगेच चार्जरवर चढवू नका, पंधरा-वीस मिनिटं निवू द्या. गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका. कोकणात पावसाळ्यात टर्मिनल कोरड्या फडक्याने पुसत जा. चार्जरला पंखा असेल तर तो भुसा आत ओढतो, म्हणून कटिंगच्या टेबलाखाली चार्जर नको. गणपतीला गावी जाताना बॅटऱ्या पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून ठेवू नका, निम्म्या चार्जवर ठेवा.

गोव्याच्या किंवा दुबईच्या साईटला विमानाने जाणाऱ्यांसाठी: सुट्या बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, हातातल्या बॅगेत टर्मिनलला टेप लावून न्यायच्या. मशीन चेक-इनला. १०० वॅट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही, म्हणजे १८ व्होल्टची ५ एएच जाते. ६ एएचची १०८ होते, तिला विमान कंपनीची परवानगी लागते.

नवी बॅटरी आली की पांढऱ्या मार्करने तिच्यावर नंबर आणि खरेदीचा महिना लिहा. तीन-चार बॅटऱ्या असल्या की कारागीर हाताला येईल तीच उचलतो, एकीवर सगळा ताण पडतो आणि दुसरी पडून राहते. नंबर असला की पाळी लावता येते, आणि कुठली लवकर उतरायला लागली तेही कळतं. वॉरंटीत असेल तर बिलासकट सर्व्हिस सेंटरला द्या. वॉरंटी संपली असेल तरी भंगारवाल्याला देऊ नका, आतले सेल फुटले तर आग लागते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, त्यामुळे जुनी बॅटरीही सर्व्हिस सेंटरलाच नेऊन द्या.