पोर्टर चाखावी कशी, जोखावी कशी

पोर्टर या बिअरचा रंग काळसर असतो, म्हणून ती जड असणार, कडू असणार आणि लवकर चढणार, असे गृहीत धरून अनेक जण पहिला घोट घेतात आणि फ्रीजमधून नुकत्याच काढलेल्या त्या थंडगार घोटावरच निकाल देऊन मोकळे होतात. वास्तविक साध्या इंग्लिश पोर्टरमध्ये मद्यार्काचे प्रमाण साधारण ४ ते ५.४ टक्के असते, म्हणजे आपल्याकडे ‘स्ट्राँग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या फिकट बिअरपेक्षा बरेच कमी. तिची खरी परीक्षा एकाच प्रश्नाभोवती फिरते: धान्य भाजताना ते खमंग होऊन थांबले, की पुढे जाऊन करपले? ज्या घरात मसाला, रवा आणि शेंगदाणे भाजले जातात, त्या घरात वाढलेल्या माणसाकडे या परीक्षेची निम्मी तयारी आधीच असते.

चाखण्यापूर्वी ग्लासात काय आहे, याची थोडी माहिती हवी. अठराव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत ही बिअर लंडनमध्ये रूढ झाली आणि तिथल्या रस्त्यांवर व थेम्सच्या धक्क्यांवर ओझी वाहणाऱ्या हमालांवरून, म्हणजे पोर्टरांवरून, तिला नाव पडले. कंपनी सरकारच्या काळात ती हिंदुस्थानातल्या गोऱ्या शिपायांसाठी जहाजांतून येत असे. त्या प्रवासाची कीर्ती मात्र पुढे इंडिया पेल एल या फिकट, कडवट बिअरच्या वाट्याला गेली. सुरुवातीची पोर्टर मुख्यतः तपकिरी माल्टची असे. माल्ट म्हणजे सातूला मोड आणून, ते वाळवून आणि कमीअधिक भाजून तयार केलेले धान्य. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्यभट्ट्यांमध्ये हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजणारे उपकरण, आले, तेव्हा तपकिरी माल्टमधून फिकट माल्टच्या मानाने साखर कमी उतरते, हे मालकांना आकड्यांत दिसले आणि त्यांनी फिकट माल्ट वाढवले. मग रंग आणि भाजकेपणा कुठून आणायचा, हा प्रश्न उभा राहिला. डॅनिएल व्हीलर यांनी १८१७ मध्ये फिरत्या पिंपात माल्ट काळे होईपर्यंत भाजण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि तो प्रश्न सुटला, कारण असे काळे माल्ट मूठभर टाकले तरी सबंध घाण्याला रंग येतो.

आजची पोर्टर याच वाटेवरची आहे. तिच्यात बहुतांश फिकट माल्ट असते, त्याला तपकिरी, क्रिस्टल आणि चॉकलेट माल्टची जोड असते आणि काही वेळा चिमूटभर काळे माल्टही असते. चॉकलेट माल्टमध्ये चॉकलेट नसते. ते नाव मुख्यतः रंगावरून आले आहे. चाखणाऱ्याने यातल्या प्रत्येकाचा आवाज ओळखायला शिकावे. तपकिरी माल्टला तव्यावरून उतरलेल्या भाकरीच्या पापुद्र्याचा वास असतो, क्रिस्टल माल्ट काकवीची आणि मनुकांची आठवण देते, चॉकलेट माल्टमध्ये कोको आणि भाजलेले दाणे सापडतात, तर काळे माल्ट कॉफीच्या आणि पुढे कोळशाच्या अंगाने जाते. चांगल्या पोर्टरमध्ये हे सगळे ऐकू येतात आणि शेवटचा आवाज सर्वांत हळू असतो.

आता तयारी. ग्लास पातळ काचेचा, वर किंचित निमुळता होणारा असावा. वाइनचा साधा ग्लास उत्तम चालतो. तो स्वच्छ आहे की नाही, हे डोळ्यांना कळतेच असे नाही, म्हणून आतून ओला करून त्यात थोडे मीठ भुरभुरावे: मीठ सगळीकडे सारखे चिकटले तर ग्लास स्वच्छ आहे, जिथे ते चिकटत नाही तिथे तेलाचा अंश राहिला आहे. मीठ नीट धुऊन काढावे आणि पुसायला मसाल्याच्या हाताचे फडके घेऊ नये. खोलीत उदबत्ती नको, अंगावर अत्तर नको, शेजारी फोडणी नको. तिखट जेवण झाल्यावर निदान एक तास जाऊ द्यावा. तोंड साफ करायला साधे पाणी आणि बिनमिठाच्या पावाचा तुकडा पुरतो.

तापमानाबद्दल मी आग्रही आहे. आपल्याकडे बिअर जितकी थंड तितकी चांगली, हा संस्कार उन्हाळ्याने घडवलेला आहे आणि लागर या थंडीत आंबवलेल्या फिकट बिअरपुरता तो ठीकही आहे. पोर्टरवर मात्र तो अन्याय करतो. चार अंशांवर वास उडत नाहीत, जीभ बधिर होते, गोडवा दबतो, आणि मग जे उरते ते फक्त कडवट, पाणचट आणि गार. पोर्टर साधारण १० ते १३ अंशांवर बोलू लागते. फ्रीजमधून बाटली काढून ती उभीच ठेवावी, हलवू नये, आणि पुण्यातल्या हिवाळ्यात सुमारे अर्धा तास, एप्रिलमध्ये त्याहून बराच कमी वेळ थांबावे. स्वयंपाकघरातला थर्मामीटर असेल तर अंदाज करण्याची गरजच उरत नाही. ज्याला हे पटत नसेल त्याने एकाच बाटलीतून दोन ग्लास भरावेत, एक फ्रीजमध्ये ठेवावा, दुसरा टेबलावर, आणि वीस मिनिटांनी दोन्ही चाखावेत. मी हा प्रयोग अनेकांकडून करवून घेतला आहे आणि या दोन वेगळ्या बिअर आहेत असे म्हणणारे त्यांत थोडेथोडके नव्हते.

ग्लास एक तृतीयांशच भरावा, म्हणजे वासाला जागा राहते. ओतल्याबरोबर लगेच हुंगावे, रंग नंतर पाहिला तरी चालतो. रंग कुठे जात नाही, पण सर्वांत हलके वास पहिल्या मिनिटातच निघून जातात. दोन-तीन छोटे श्वास, मग एक लांब श्वास, मग ग्लासावर तळहात धरून हलके फिरवून पुन्हा एकदा. पहिली नोंद याच क्षणी लिहावी, आणि ती पुस्तकी शब्दांत लिहू नये. ‘रोस्टी’ या शब्दाने काहीच सांगितले जात नाही. भाजलेल्या नाचणीच्या पिठाचा वास, गुळाच्या पाकाचा वास, खालून लागलेल्या दुधाचा वास, असे लिहिले की महिन्याभराने वही उघडल्यावरही ती बिअर नाकापुढे उभी राहते. एकदा मी एका पोर्टरच्या वासापाशी अडलो होतो. काहीतरी टोचत होते, पण नाव सापडत नव्हते. माझी आई बिअर पीत नाही, परंतु गोडा मसाला ती आजही घरीच करते. तिच्यापुढे ग्लास धरला, तेव्हा तिने एकदाच हुंगले आणि म्हणाली, “अरे, यातलं खोबरं वेळेवर उतरवलं नाही कुणी.” काळे माल्ट जास्त झाल्याची इतकी नेमकी नोंद मला कुठल्याही परीक्षकाच्या कागदावर आढळलेली नाही.

मग उजेडाकडे ग्लास धरावा. इंग्लिश पोर्टर गडद तपकिरी असते आणि कडेने डाळिंबी-माणकासारखी लाल झाक देते. उजेड मुळीच आरपार जात नसेल तर ती स्टाउटकडे झुकली आहे. या दोघींमधली सीमारेषा कधीच पक्की नव्हती, कारण स्टाउट हे मुळात अधिक कडक पोर्टरचेच नाव होते. आज ढोबळमानाने असे म्हणता येते की मोड न आणता भाजलेले सातू आणि त्याची कोरडी कॉफीसारखी चव स्टाउटमध्ये पुढे असते, पोर्टरमध्ये नसते, तरी अपवाद भरपूर आहेत. फेस फिकट बदामी आणि बारीक बुडबुड्यांचा असावा. ग्लासाच्या भिंतीला मोठे बुडबुडे चिकटून राहिले तर दोष बहुधा ग्लासाचा असतो, बिअरचा नव्हे.

घोट लहान नसावा. जिभेवर सगळीकडे पसरेल एवढा घ्यावा, क्षणभर थांबवावा आणि गिळावा. वाइन चाखणारे थुंकतात, बिअरमध्ये गिळणे आवश्यक आहे, कारण कडवटपणा आणि मागे राहणारी चव यांचा पूर्ण अंदाज गिळल्यावरच येतो. गिळल्यानंतर तोंड मिटून नाकाने श्वास सोडावा. तेव्हा जे वास घशाकडून नाकात चढतात, ते आधी हुंगलेल्या वासांपेक्षा पुष्कळदा वेगळे असतात. इथे क्रमाकडे लक्ष द्यावे. आधी पावासारखा आणि काकवीसारखा गोडवा, मध्ये कोको आणि दाणे, शेवटी कडवटपणा येऊन गोडवा आवरला जाणे, हा चांगल्या पोर्टरचा क्रम आहे. कडवटपणा हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडू करणाऱ्या फुलांचा, आहे की भाजक्या धान्याचा, हेही वेगळे करता येते: हॉप्सचा कडूपणा कारल्यासारखा स्वच्छ असतो आणि ओसरतो, करपटपणा जिभेच्या पाठी राखेसारखा बसून राहतो.

तुरटपणा हा वेगळाच विषय आहे आणि सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते, तसे वाटले तर तो कडूपणा मानू नये. लंडनच्या पाण्यात कार्बोनेट भरपूर असते आणि गडद माल्ट आम्लधर्मी असते; दोघांनी एकमेकांना सांभाळल्यामुळेच त्या शहरात काळसर बिअर चांगली जमली. हा मेळ चुकला की भाजकेपणा एकीकडे आंबट आणि टोचरा होतो, दुसरीकडे तुरट. म्हणून तुरट पोर्टर हाती आली, तर तिच्या कर्त्याच्या कौशल्यावर शेरा मारण्याआधी त्याच्या पाण्याचा विचार करावा.

बाकीचे दोष ओळखायला सोपे आहेत. लोण्याचा किंवा सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नचा वास म्हणजे डायअसिटिल हा बिअर आंबताना तयार होणारा पदार्थ. यीस्टला काम पुरे करायला वेळ मिळाला नाही. हिरव्या सफरचंदाचा वासही बहुधा घाईचाच. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास उकळण्यात कसूर झाल्याचे सांगतो, तर जखमेवर लावायच्या चिकटपट्टीचा वास बहुतेक वेळा पाण्यातल्या क्लोरीनमुळे येतो. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बाटली जुनी झाली आहे किंवा उष्णतेत पडून राहिली आहे. मी एकदा मे महिन्यात एका दुकानातून घेतलेल्या पोर्टरला वहीत फार वाईट गुण दिले होते. पुढे तीच बिअर भट्टीवरच्या नळातून ताजी प्यायलो, तेव्हा ते गुण बिअरचे नसून दुकानातल्या उन्हाच्या फळीचे होते, हे ध्यानात आले. तेव्हापासून बाटलीवरची तारीख आणि ती कशी ठेवली होती, या दोन गोष्टी मी नोंदीत सर्वांत वर लिहितो. चामड्यासारखा, जुन्या लाकडासारखा वास मात्र विचारपूर्वक तोलावा. लाकडी पिंपांत महिनोन्‌महिने मुरवलेल्या इंग्लिश बिअरमधूनच डेन्मार्कमधल्या कार्ल्सबर्ग मद्यभट्टीच्या प्रयोगशाळेत क्लाउसेन यांनी ब्रेटॅनोमायसिस हे यीस्ट वेगळे करून १९०४ मध्ये जगापुढे मांडले. मुरवलेल्या पोर्टरमध्ये त्याची पुसट छटा शोभते, ताज्या पोर्टरमध्ये ती संसर्गाची खूण आहे.

गुण देताना समोरची पोर्टर कोणत्या घराण्याची आहे, हे आधी ठरवावे. अमेरिकी पोर्टर अधिक कडू आणि अधिक भाजकी असू शकते. बाल्टिक पोर्टर ६.५ ते ९.५ टक्क्यांची, बहुधा लागर यीस्टने थंडीत आंबवलेली, काळ्या मनुकांसारखी आणि गुळगुळीत असते. एकीच्या मापाने दुसरीला मोजू नये. कॉफी किंवा नारळ घातलेली पोर्टर असेल तर आधी खालची मूळ बिअर सापडते का, ते पाहावे. ती सापडत नसेल तर मी गुण कापतो. बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम या बिअरच्या परीक्षकांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या गुणपत्रिकेत ५० गुण असतात: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकंदर परिणामाला १०. रूपाला तीनच गुण आहेत, हे लक्षात ठेवावे. काळ्या रंगाने भारावून जाणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल. स्पर्शाच्या पाच गुणांसाठी बिअर मध्यम अंगाची, किंचित मऊ आणि बेताच्या वायूची आहे का, एवढे तपासावे. एका बैठकीत चारपेक्षा जास्त नमुने घेऊ नयेत, आणि प्रत्येकी शंभर मिलिलिटर पुरते.

गुण पेन्सिलीने लिहावेत, कारण ग्लासातली निम्मी बिअर तशीच ठेवून पंधरा मिनिटांनी पुन्हा चाखायचे असते. चांगली पोर्टर या वेळी वाढते: कोको पुढे येतो, मनुका उमटतात. कच्ची पोर्टर याच वेळी उघडी पडते, राख आणि चिकट गोडवा वर येतो. आवश्यक तिथे आकडा बदलावा. मग ग्लास रिकामा करून तो लगेच धुऊ नये. दहा मिनिटांनी रिकाम्या ग्लासात नाक घालावे. तिथे अजून भाकरीच्या पापुद्र्याचा वास असेल, तर शेवटच्या दहांपैकी एक गुण मी वाढवून देतो.