आजारी जोडीदाराला घरी सांभाळताय? पैशाची मदत कशी मिळवायची

नागपूरच्या मानेवाड्यातल्या आमच्या ओळखीच्या एक काकू, वय ६८. काकांना, म्हणजे ७४ वर्षांच्या माणसाला, लकवा मारला तेव्हापासून त्या रात्री दोन-दोन तासांनी उठून त्यांची कूस बदलतात, आणि डायपर, फिजिओथेरपी, औषधं सगळं एका पेन्शनवर. एफडी मोडायला निघाल्या होत्या, मी म्हटलं काकू थांबा, आधी हक्काचं काय आहे ते तर घेऊ. त्यांच्यासोबत फिरून जे कळलं ते लिहितेय.

एक साफ सांगते, बायको नवऱ्याची सेवा करते (किंवा नवरा बायकोची) म्हणून तिच्या नावाने पगार येत नाही. जे मिळतं ते पेशंटच्या नावाने मिळतं किंवा खर्चात वाचतं.

सगळ्यात आधी बँक. काकांचा उजवा हात चालत नाही, सही जुळेना, आणि बँकेतून एकच उत्तर, पेशंटला घेऊन या. पेन्शन खात्यात पडून आणि घरात औषधाला पैसे नाहीत. काकू म्हणाल्या, "बाई, मी यांना उचलून कशी आणू?" खरं तर रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की सही करता येत नसेल तर अंगठा चालतो, अंगठाही नसेल तर पायाचा अंगठा चालतो, दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी. मॅनेजरला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ७० च्या वरच्यांना घरपोच बँक सेवाही मागता येते.

मग आयुष्मान वय वंदना कार्ड. ऑक्टोबर २०२४ पासून ७० च्या वरच्या सगळ्यांना मिळतं, उत्पन्नाची अट नाही, फक्त आधार लागतं आणि वर्षाला ५ लाखांपर्यंतचा उपचार. पण हे भरती झाल्यावरच कामी येतं, ओपीडी आणि रोजची औषधं यात बसत नाहीत, त्यासाठी जनऔषधी केंद्र, म्हणजे स्वस्त औषधांचं सरकारी योजनेतलं दुकान, बघा. दोघंही ७० च्या वर असाल तर ५ लाख दोघांत मिळून. भरती व्हायच्या आधी त्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राला (योजनेची माहिती द्यायला तिथे बसलेला माणूस) विचारून घ्या की हा आजार इथे योजनेत होतो का, नंतर धावपळ होते.

आता माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट, जी लोक करतच नाहीत, दिव्यांग प्रमाणपत्र. लकव्याने हातपाय गेले, पार्किन्सन झाला, तरी घरचे म्हणतात वय झालं म्हणून असं होतंच. अहो पण २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये पार्किन्सनसुद्धा आहे! सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा, मग सरकारी रुग्णालयात (आमच्या नागपुरात मेडिकल किंवा मेयोत) तपासणी, डिस्चार्ज कार्ड आणि एमआरआयचे रिपोर्ट एका फाइलीत लावून न्या आणि झेरॉक्स चार जास्तीच्या काढा. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त निघालं की पुढची दारं उघडतात. इन्कम टॅक्स जुन्या पद्धतीने भरत असाल तर अवलंबून असलेल्या दिव्यांग जोडीदारासाठी ७५ हजारांची वजावट, ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख.

उत्पन्न अगदीच कमी असेल तर तहसीलमध्ये श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करा. श्रावणबाळला वय ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत, महिन्याला १५०० मिळतात. उत्पन्नाचा दाखला आधी काढा, त्यातच सगळ्यात जास्त वेळ जातो. पेन्शनवाल्यांना हे मिळणार नाही, काकूंनाही नाही मिळालं. चष्मा, वॉकर, व्हीलचेअरसाठी मात्र मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकदाच ३ हजार मिळतात, उत्पन्नाची अट २ लाखांची. वय इथेही ६५.

आणि मुलं कमावती असून हात वर करत असतील तर २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे, एसडीओ (उपविभागीय अधिकारी) ऑफिसच्या ट्रिब्युनलमध्ये साधा अर्ज, महिन्याला १० हजारांपर्यंत देखभाल खर्च मागता येतो, वकील लागत नाही. काकूंनी दोन दिवस विचार केला, मग मुलाला फोन लावला आणि डायपर-फिजिओचा आकडा वहीतून वाचून दाखवला. आता तो दर महिन्याला पाठवतो. ज्यांना असं बोलवत नाही त्यांनी १४५६७ वर फोन करा, ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.