जुनी बाइक बघायला सकाळी सहाला जा

नाशिक-निफाडच्या थंडीत गावातल्या गावात फिरायला स्वस्तातली गाडी हवी, तर कार्बोरेटरवाली जुनी १०० सीसी स्प्लेंडर बरी. पार्ट कुठेही मिळतात, बॅटरी बसली तरी किक आहेच.

पण बघायला भल्या सकाळी जा. आधी इंजिनावर हात ठेवा. कोमट लागलं तर मालकाने आधीच चालू करून ठेवलेली असणार. दुसऱ्या दिवशी परत जा, न सांगता. गार इंजिन चोक लावून दोन-चार किकमध्ये सुरू झालं पाहिजे. निळसर धूर थांबतच नसेल तर ऑइल जळतंय, म्हणजे इंजिनाचं काम निघणार. नव्या रंगाला तर अजिबात भुलू नका.

आरसीची १५ वर्षं संपत आली असतील, तर नूतनीकरणाचा खर्च भावातून कापून घ्या.